यादी छाटायला बालाघाटला

नागपुरात राहणाऱ्या माणसाचे नातेवाईक गोंदिया-बालाघाटाकडे असले की त्याला दोन बिनपगारी नोकऱ्या आपोआप लागतात. दवाखान्यात नंबर लावणं आणि कॉलेजची चौकशी करणं. माझी हयात विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या फाडण्यात गेली. बी.कॉम. झालो तेही परीक्षकांच्या दयाबुद्धीवर. तरी बालाघाटच्या धाकट्या बहिणीच्या घरी मी शिक्षणतज्ज्ञ आहे. पात्रता एकच : पत्ता नागपूरचा.

भाची यंदा बारावी झाली. बहिणीचा फोन आला, "दादा, कॉलेजची यादी लंबीच होऊन राहिली. येऊन छाटून दे नं."

गोंदियाला गाडी बदलली. पूर्वी इथून जबलपूरकडे अडीच फुटी छोटी लाईन जायची. तिच्या डब्यात मी शिरलो की समोरचे प्रवासी आपणहून उठून दाराशी जात. आता रूळ रुंद झाले, पण त्याच वेगानं मीही झालो असल्यामुळे परिस्थिती फारशी बदललेली नाही. वाटेत धानाचे बांध दिसले, पुढे वैनगंगा दिसली. कान्ह्याच्या जंगलाचा मुक्की दरवाजा याच जिल्ह्यात आहे आणि लांजीला जुना किल्ला आहे. दोन्ही पाहायचे राहिले, कारण बालाघाटात उतरल्यापासून मी बहिणीच्या ओसरीत फायबरच्या खुर्चीवर होतो.

या खुर्चीविषयी थोडं सांगायला हवं. ओसरीला नवी गुळगुळीत फरशी, आणि खुर्चीच्या मागच्या दोन पायांची आपसात फारकत सुरू झालेली. मी जरा जोरात बोललो की ते बोटभर लांब सरकत. म्हणून मी अत्यंत संयमानं बोलत होतो. तो संयम मंडळींना अभ्यासूपणा वाटला.

मंडळी म्हणजे जवाईबापू, त्यांचे काका, शेजारचे निवृत्त गुरुजी आणि दुधाचे पैसे न्यायला आलेला एक गृहस्थ, ज्यानं शेवटपर्यंत पैसे मागितले नाहीत पण मत मात्र पदोपदी दिलं. यादी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर होती.

"जबलपूर काढा," काका म्हणाले. कारण त्यांच्या साडूच्या मुलानं तिथं शिकता शिकता परस्पर लग्न केलं होतं.

मी म्हटलं, "अहो, तिथलं इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ सालचं आहे."

"मंग इमारत किती जुनी झाली असंन!"

पाय सरकले. भोपाळ लांब म्हणून गेलं. इंदूरची पोरं म्हणे रात्रभर सराफ्यात खात बसतात. काकांनी तिथं फुली मारली. मी हळूच तो सराफा स्वतःसाठी टिपून ठेवला. एक नाव खोडलं की दोन नवी येत. रायपूर आलं, बिलासपूर आलं, पुणे आलं. दुधवाल्यानं कोटा सुचवलं. कोटा हे कॉलेज नव्हे, हे मी सांगेपर्यंत ते शाईनं लिहून झालं होतं.

जवाईबापूंचा जीव नागपुरात. "मामा तिथं हायेच," म्हणाले. म्हणजे जेवणाचा डबा आलाच. पण इंजिनिअरिंगच्या राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो आणि पोरगी मध्य प्रदेशची. इथं मात्र माझा संयम सुटला. बहीण गोंदियाहून चाळीसेक किलोमीटरवर नांदायला आली आणि तिची लेक परराज्यातली ठरली! १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाचीच राजधानी होती. आमचे आजोबा बालाघाटहून नागपूरला शिकायला गेले, तेव्हा त्यांनी फक्त ट्रंक नेली होती. दाखले कसले मागता? हे सगळं मी हातवारे करून बोललो.

तेवढ्यात गुरुजी "धनबाद! १९२६ सालचं धनबाद राहिलं!" म्हणून ओरडले, आणि खुर्चीनं पाय टाकले.

पडताना मी आधारासाठी यादी धरली. ती माझ्याबरोबर आली, निम्मी. उरलेली काकांच्या हातात राहिली आणि त्यांनी सवयीनं तिच्यावरही एक फुली मारली. बहीण चहा घेऊन आली, माझ्याकडे बघून आधी कप मोजले.

मला उठवायला भाची पुढे आली. इतका वेळ ती दाराला टेकून उभी होती आणि तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. "मामाजी, राहू द्या ते," म्हणाली आणि मोबाईल पुढे केला. तीन नावं होती : सागर, जबलपूर, नागपूर. तिन्हीकडे विषय एकच, भूगर्भशास्त्र. सागरसाठीची सीयूईटी प्रवेशपरीक्षा देऊनही झाली होती.

"फी तर मीच भरली," जवाईबापू म्हणाले. "मला वाटलं, इंजिनिअरिंगचीच असंन कोणती तरी."

तिनं आतून चपलेच्या खोक्यातला एक काळा दगड आणून माझ्या हातावर ठेवला. आकारानं लिंबाएवढा, पण हात खाली गेला. बोटं काळी झाली. भरवेलीच्या खाणीचं मँगनीज. ती खाण चालवणाऱ्या कंपनीचं मुख्य कार्यालय नागपुरात काटोल रोडवर आहे. मी त्याच्यावरून आयुष्यभर स्कूटर नेली, आत काय चालतं हे कधी विचारलं नाही. आणि ही पोर शाळेत असल्यापासून दगड गोळा करत होती, प्रत्येकावर चिकटपट्टीनं गावाचं नाव लावून. एका तुकड्यावर 'मलाजखंड' लिहिलं होतं. त्यात तांब्याची हिरवी झाक होती.

"पोरीला खाणीत कोण उतरवते?" काका.

"१९५२ च्या कायद्यानं बंदी होती, आजोबा. २०१९ मध्ये तांत्रिक अन् देखरेखीच्या कामावर बायांना उतरायची परवानगी मिळाली. तेव्हा वेळ होती सकाळी सहा ते संध्याकाळी सात." तिनं हे इतक्या सरळ सांगितलं, की कधीतरी या घरात कोणी हे विचारणार आणि तेव्हा उत्तर तयार हवं, असं तिनं धरूनच ठेवलं असावं. मला एकदम तिच्या एकटीच्या दुपारी दिसल्या. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण कंबर इतकी दुखत होती की डोळ्यांतल्या पाण्याचं खापर मी कंबरेवरच फोडलं.

गुरुजी मात्र सावरले. "हरिसिंह गौर!" ते म्हणाले. "दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. मंग नागपूरचे कुलगुरू. अन् शेवटी १९४६ मध्ये स्वतःच्या कमाईनं विद्यापीठ काढलं कुठं? जन्मगावी, सागरला! त्यांचीही यादी तीनचीच होती."

"पण तिथं होस्टेलात भात कसा मिळतो?" बहिणीनं विचारलं. चिन्नोर पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या बाईचा हा प्रश्न होता; त्या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. दुधवाल्यानंही पहिल्यांदाच मत दिलं नाही.

जवाईबापू बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी चष्मा लावला, माझा मोबाईल मागून घेतला आणि म्हणाले, "जबलपूरहून कटनीला जाणारी गाडी रात्री किती वाजता पोचते, पाहू बरं. सागरसाठी तिथं पुन्हा बदलावं लागते का?"