वेळापत्रकाचा पाऊस

अजिंठ्याच्या डोंगररांगा, ज्ञानगंगेचे अरण्य, चुलीवरची भाकरी आणि बैलगाडीची रपेट, असा सगळा निसर्ग माणशी एकाच दरात, दोन वेळच्या जेवणासह देऊ केल्यावर चिखलीकडच्या ग्रामीण रिसॉर्टांच्या पत्रकात अखेरीस ठळक अक्षरांत ‘रेन डान्स : सकाळी ११ ते १’ असे जे कलम येते, त्यापुढे माझी मती कुंठित होते.

१९०१ पासूनच्या नोंदींत देशभर सर्वांत कोरडा ठरलेला ऑगस्ट २०२३ सोयाबीनवाल्याने ज्याच्या वाटेकडे डोळे लावून कंठला, तो पर्जन्यराज येथे घड्याळाच्या काट्यावर, लोखंडी नळांच्या छिद्रांतून, डीजेच्या गजरात हजर होतो! एवढा आज्ञाधारक पाऊस महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात का धरू नये? चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक बरसला की दफ्तरी अतिवृष्टी लागते. तेव्हा पाहुण्यांच्या भिजलेल्या बुटांचे आणि मोबाइलांचे पंचनामे तलाठ्याने रीतसर करावेत, कृषी सहायकाने त्यांवर सही ठोकावी, आणि ऐन नाचात मोटर जळाली, तर पावसाच्या २१ दिवसांच्या खंडानंतर पीकविम्यासाठी शेतकऱ्याने २०२३ मध्ये जसे खेटे घातले, तसे पाहुण्यांनी २१ मिनिटांच्या खंडाबद्दल खुशाल घालावेत. फरक इतकाच, की त्यांची भरपाई गरम भज्यांच्या रूपाने जागच्या जागी अदा होईल.

हे पाणी येते कोठून, याविषयी मात्र पत्रक मौन पाळते. ते येते काळ्या कातळाच्या त्याच भेगांतून, ज्यांच्यावर शेजारच्या शेतकऱ्याची विहीर जगते. आणि त्या विहिरीने तळ गाठल्यावर टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईचे, डोईवरच्या हंड्यासकट छायाचित्र ‘अस्सल ग्रामजीवन’ म्हणून मुखपृष्ठावर छापण्यास या सौंदर्योपासकांना तिळमात्र संकोच वाटत नाही! तिचे पाणी घ्यायचे, आणि तिच्या तहानेचीही जाहिरात करायची, हा कोणता निसर्गप्रेमाचा दस्तूर?

२०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्यास जोडधंदा दिला, तो त्याने जरूर करावा. गोठा दाखवावा, हुरडा खिलवावा, चार पैसे गाठीस बांधावेत. परंतु पावसाचे वेळापत्रक छापणाऱ्याने त्याखालीच बोअरची खोली आणि रोजच्या उपशाचे लिटरही छापावेत, म्हणजे माणशी दरात शेजाऱ्याची विहीर समाविष्ट असल्याचे पाहुण्यांना जेवणाच्या यादीइतके स्वच्छ कळेल.