तेवढं चालेल का?

पंगतीत ताटावर आडवा धरलेला हात आपल्याकडे नकार म्हणून कोणी घेत नाही. बोलणी सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ. 'पुरे' म्हटलं की एक जिलबी पडते, 'खरंच पुरे' म्हटलं की दोन, आणि तिसऱ्यांदा म्हटलं की 'माझी शपथ' निघते. उठून हात धुवायला जावं, तर तिथे कोणीतरी मसाला दूध घेऊन उभं असतं. अशा समाजात लोकांना पैसे घेऊन 'नको' म्हणायला शिकवायचं, हा आमच्या घरचा उद्योग आहे. म्हणजे आमच्या सौ.चा. ती डाएटिशियन. मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून बाहेरच्या खोलीत बसून नावं लिहून घेतो, वजनकाटा पुसतो आणि पावत्या फाडतो.

सौ. पूर्वी इस्पितळात होती. तिथे डॉक्टर केसपेपरवर 'डायबेटिक डाएट' एवढं खरडणार, त्याचं जेवण ती करणार आणि ट्रॉली वॉर्डात जाणार. पगार पहिल्या तारखेला. पेशंटला फीचा आकडा सांगायची वेळच कधी आली नाही. पुढे डोंबिवलीत राहत्या घराच्याच पुढच्या खोलीत तिनं प्रॅक्टिस सुरू केली, तेव्हा लक्षात आलं की ऐंशी किलोच्या माणसाला सत्तरवर आणणं एक वेळ जमतं, पण त्याच्या डोळ्याला डोळा देऊन 'आठशे रुपये' म्हणणं फार कठीण.

बँकेत मला हा त्रास नव्हता. तिथे 'नाही' हे माणसाला म्हणावंच लागत नाही. नियम म्हणतो, हेड ऑफिस म्हणतं, अलीकडे तर सर्व्हर म्हणतो. खासगी प्रॅक्टिसमध्ये समोरचा आणि तुम्ही यांच्यामध्ये फक्त एक टेबल असतं, आणि त्यावर बहुतेक वेळा समोरच्यानंच आणलेला पेढ्यांचा पुडा.

खरं तर या व्यवसायाला परंपरा चांगली भारदस्त आहे. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ साली, अमेरिकेत क्लीव्हलंडला डाएटिशियन बायका एकत्र आल्या आणि त्यांनी संघटना काढली. पुढच्याच वर्षी आपल्याकडे रॉबर्ट मॅककॅरिसननं कुन्नूरला एका खोलीत आहारावरचं संशोधन सुरू केलं. तीच आजची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. २०२१ साली आरोग्यक्षेत्रातल्या संलग्न व्यवसायांसाठी कायदा झाला, त्यातही या मंडळींना जागा मिळाली. हे सगळं खरं असूनही तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात गाठून म्हणतात, "काय खायचं एवढंच सांगायचं ना गं? त्याला कसली फी?" वकिलाला असं कोणी विचारत नाही, कारण घरोघरी कोर्ट नसतं. स्वयंपाकघर मात्र असतं, त्यामुळे या विषयात प्रत्येकाचा जन्मापासूनचा अनुभव दांडगा.

लग्नकार्यात तर आम्ही गेलो की हॉलमध्ये दोन तट पडतात. सौ. दिसताच निम्मे लोक ताट पाठीमागे घेतात आणि निम्मे ते तिच्या पुढ्यात धरतात. "वहिनी, तेवढं चालेल का?" 'तेवढं' म्हणजे वाटीतले तीन गुलाबजाम, त्यातला एक अर्धा झालेला. त्यांना परवानगी नको असते, पापात भागीदार हवा असतो. वाल्या कोळ्याच्या बायकोनं जे स्वच्छ नाकारलं ते आमच्या सौ.नं बुफेच्या रांगेत पत्करावं, अशी अपेक्षा. मागे एक जण म्हणाले, "शुगरची फाइल गाडीतच आहे, आणू का?" आणि ती 'आणा' म्हणाली! नवरदेवाच्या मामांचा लिपिड प्रोफाइल आइस्क्रीमच्या काउंटरवर पसरून वाचला गेला. तिचा स्वतःचा मसालेभात तोवर गार झाला होता.

आता ती असं म्हणते, "फाइल बघायलाच हवी. पण नीट, बसून. सोमवारी फोन करून या." एवढं बोलायला तिला काही वर्षं लागली. काही लोक फोन करतात. काही रागावतात, आणि त्यांचा राग आमच्यापर्यंत इतर नातेवाइकांमार्फत व्यवस्थित पोहोचतो.

मध्यंतरी दादरला डाएटिशियन मंडळींसाठी एक दिवसाचं शिबिर झालं. विषय हाच: न रागावता, न वरमता आपलं म्हणणं कसं मांडावं. मॅन्युएल स्मिथ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७५ साली 'व्हेन आय से नो, आय फील गिल्टी' असं पुस्तक लिहिलं, त्यातली एक युक्ती तिथे शिकवली. रेकॉर्ड अडकल्यासारखं तेच वाक्य शांतपणे पुन्हा पुन्हा म्हणायचं. समोरच्यानं कितीही फाटे फोडले तरी आपण आपल्या खोबणीतून बाहेर यायचं नाही. दुसरा धडा फीबद्दल होता: आकडा सांगा आणि तोंड मिटा. पुढची शांतता स्वतः भरू नका. सौ.ची नेमकी तीच खोड. 'आठशे' म्हणताना आवाज खाली खाली जायचा आणि श्वास न घेता 'पण तुमच्यासाठी...' सुरू व्हायचं.

रात्री जेवणं झाल्यावर तालीम झाली. मी अवघड पेशंट झालो. कर्जवसुलीत आयुष्य गेल्यामुळे सबबींचा साठा मजकडे भरपूर.

"मॅडम, थोडं कमी नाही का होणार?"

"पहिल्या भेटीची फी आठशे आहे."

"आमच्या भाचीच्या मैत्रिणीनं तुमचं नाव सांगितलंय."

"हो का? छान वाटलं. पहिल्या भेटीची फी आठशे आहे."

"मला बोलायबिलायला नको. नुसता कागद द्या."

"पहिल्या भेटीची फी आठशे आहे."

मी थोडा थांबलो आणि आवाजात काकुळती आणून म्हणालो, "सातशे करा हो. पेन्शनर माणूस आहे."

"बरं, द्या सातशे," सौ. म्हणाली.

सख्ख्या नवऱ्याला, खोट्या आजाराच्या खोट्या फीत, शंभर रुपयांची सूट! दुसऱ्या दिवशी खराखुरा नवा पेशंट आला. तिनं आकडा सांगितला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मी बाहेर पंख्याचे फेरे मोजत बसलो. त्या माणसानं खिशातून मोबाइल काढला, भिंतीवरचा कोड स्कॅन केला आणि विचारलं, "वजन चपला काढून करायचं ना?" त्याच्या मनात घासाघीस नव्हतीच. ती सगळी आमच्याच बाजूला चालली होती.

आता, भीड सोडायची म्हणजे खेकसायचं असं नव्हे. तसे खेकसणारेही या व्यवसायात आहेत, आणि त्यांचं उत्तम चालतं. 'मस्त ओरडतात हं!' ही आपल्याकडे शिफारस समजली जाते. मराठी माणूस ओरडून घ्यायला पैसे देतो. शाळेत फुकट मिळायचं ते आता कोणी करत नाही, म्हणून असेल. पण ओरडणाऱ्याला कोणी खरं सांगत नाही. अशा एका ठिकाणाहून आमच्याकडे आलेले गृहस्थ सांगत होते, की आत जाण्यापूर्वी ते दोघं नवरा-बायको गाडीत बसून आठवड्याच्या जेवणाचा जबाब जुळवून घ्यायचे.

सौ.ची पद्धत मला बघण्यासारखी वाटते ती तेलाच्या बाबतीत. "तेल किती वापरता?" या प्रश्नाला अख्ख्या महाराष्ट्रात एकच उत्तर आहे: "अगदी नावाला." म्हणून ती तसं विचारतच नाही. "महिन्याला तेल किती आणता?" "पाच लिटरचा डबा." "जेवणारी माणसं किती?" "चार." मग ती कॅल्क्युलेटर पेशंटच्याच हातात देते. ५००० भागिले ४, भागिले ३०. काचेवर ४१ उमटतात आणि पुढे काही दशांश. "४१ मिली," ती म्हणते, "पाच मिलीचा एक चमचा धरला तर आठ चमचे. माणशी. रोज." बराच वेळ कोणी बोलत नाही. मग बायको नवऱ्याकडे बघते, नवरा छताकडे, आणि शेवटी येतं, "गेल्या महिन्यात पाहुणे होते हो." "असणारच," सौ. म्हणते, "मग या महिन्यात चार लिटर आणून बघू या." ना टोमणा, ना उपदेश. पण चारचे साडेचार होत नाहीत.

उपवासाचंही तसंच. 'करू नका' म्हणायची सोय नाही, आणि म्हणूही नये. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. ज्या कंदापासून तो होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. विठोबाच्या एकादशीला फार उशिरा पोहोचला, पण आला तो मानकरी होऊनच. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण सौ. कधीच ऐकवत नाही. ती मी मनात म्हणतो. ती म्हणते, "उपवास जरूर करा. खिचडी एक वाटी, बरोबर दही आणि काकडी. दुसऱ्या वेळेला भगर." पेशंट म्हणतो, "दोन वाट्या?" ती म्हणते, "एक." आणि थांबते.

सगळ्यात अवघड प्रसंग पेशंट स्वतः न बोलण्याचा. एक सून यायची, हिमोग्लोबिन कमी असलेली, बरोबर सासूबाई. प्रश्न सुनेला, उत्तर सासूबाईंचं. "काही म्हणून खात नाही हो ही." सौ.नं खुर्ची सरळ सुनेकडे वळवली आणि म्हणाली, "काकू, तुमच्याशी मला बोलायचंच आहे, त्यासाठी वेगळा वेळ ठेवलाय. आत्ता हिचं ऐकते. तुम्ही जरा बाहेर बसता?" बाहेर म्हणजे माझ्याकडे. मी पाणी दिलं, पेपर दिला. आत सून सांगत होती, की सगळ्यांची पानं झाल्यावर भाजीत उरतो तो रस्सा. बाहेर सासूबाई पेपर घडी करून म्हणाल्या, "आमच्या वेळी आम्हाला नव्हतं हो विचारलं कोणी, काय खातेस म्हणून." पुढच्या आठवड्यात त्यांचीही अपॉइंटमेंट माझ्या वहीत होती. फी दोघींची वेगळी. हे मी मुद्दाम नोंदवतो.

एकदा मात्र गंमत नव्हती. रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेले एक आजोबा आले. कोणीतरी मीठ कमी करायला सांगितलं होतं, म्हणून मुलगा हौसेनं बाजारातलं लो-सोडियम मीठ घेऊन आला होता. त्या मिठात सोडियमचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. धडधाकट माणसाची मूत्रपिंडं जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकतात. थकलेल्या मूत्रपिंडांना ते जमत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं आणि पोटॅशियम ५.६. सौ.नं त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. सुरुवात इस्पितळातल्या जुन्या आवाजात झाली: "सर, सॉरी हं, डिस्टर्ब केलं..." मी दारात उभा होतो. मग आवाज बदलला. मोठा नाही झाला, फक्त सरळ झाला. "सर, यांचं पोटॅशियम ५.६ आहे आणि घरात लो-सोडियम मीठ चालू आहे. ते मी आत्ताच बंद करायला सांगतेय. साधंच मीठ, मोजून. भाज्या चिरून, उकळून, पाणी टाकून द्यायला शिकवतेय. औषधांचं तुम्ही आज बघाल का?" पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, "हो, हो. बरोबर. लगेच पाठवा त्यांना." एवढंच. 'मला आपलं वाटतं', 'बघा हं जमलं तर' यांतलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

रात्री साडेदहाला ताटाचे फोटो अजूनही येतात. मिसळ, वर शेव, बाजूला पाव, खाली तोच प्रश्न. सौ. सकाळी दहानंतर उत्तर देते, तसं टेबलावरच्या पाटीवर लिहिलंय. तोवर मिसळ पचलेली असते आणि प्रश्नही.

परवा मात्र तिची विद्या तिच्यावरच उलटली. विक्रीच्या कामावर हिंडणारे एक गृहस्थ आमच्याकडे येतात. भाऊबिजेच्या आधी तिनं त्यांच्याकडून वाक्य घोकून घेतलं होतं: "ताई, फराळ झकास झालाय. एक चकली खातो, बाकीचं डब्यात दे." जमलं म्हणून मोठ्या खुशीत आले. वजनही उतरलं होतं. मग खुर्चीत ताठ बसून, सौ.कडे बघत, हसतमुखानं म्हणाले, "मॅडम, एक सांगायचंय. ते ओट्स मला आवडत नाहीत. इथून पुढे मी ते खाणार नाही."

"अहो, पण त्यातलं फायबर..."

"तुमचं बरोबर आहे. पण ओट्स मी खाणार नाही."

"निदान सकाळी, दुधात..."

"कळतंय मला. पण ओट्स मी खाणार नाही."

मला बाहेर हसू आवरेना. सौ.नं कागद ओढला, ओट्सवर काट मारली आणि ज्वारीची भाकरी लिहिली. त्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "फॉलोअपचं काही कमी होतं का हो?"

सौ.नं आकडा सांगितला आणि गप्प बसली. तेही गप्प बसले. दोघं शिकलेले, कोणीच बोलेना. शेवटी मीच आत डोकावून विचारलं, "पावती कोणत्या नावानं करू?"