चौकचं हवाईदल

आमच्यातल्या एकाकडेही विमान नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. परवाना नव्हता, धावपट्टी नव्हती, आणि तिघांकडे तर पासपोर्टही नव्हता. तरीही दर रविवारी सकाळी चौक गावातल्या नाक्यावरच्या टपरीवर आम्ही बसायचो ते वैमानिक म्हणूनच. चहावाला आम्हाला 'हवाईदल' म्हणायचा. त्यात कुचेष्टा होती हे सगळ्यांना कळत होतं. मला ते सन्मानाचं वाटायचं.

सर्वांत ज्येष्ठ हडपसरकाका. कॉलेजात असताना पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ते खरोखर उडले होते. विंचच्या दोराने ग्लायडर वर खेचतात, मग दोर सुटतो आणि खाली फक्त वाऱ्याचा आवाज उरतो, हे वर्णन ते डोळे मिटून करायचे. त्यांच्यानंतर मॉडेलवाले. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बाल्सा लाकूड आणि थर्माकोल यांची विमानं करून शेतात उडवणारे. उडवणारे म्हणजे शोधणारे. अर्धा वेळ विमान कुणाच्या भातात पडलं ते बघण्यात जायचा. तिसरा कामशेतवाला. त्याने कामशेतला पॅराग्लायडिंग केलं होतं, म्हणजे प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधून घेऊन तो टेकडीवरून खाली आला होता. पण सांगताना तो प्रशिक्षक गाळायचा. आणि चौथा मी. मी संगणकावर विमान चालवतो.

यात हसण्यासारखं काही नाही. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ पासून आहे, आणि खरे वैमानिकही घरी त्यावर हात चालवतात. माझ्याकडे थ्रॉटल आहे, पायाखाली रडर आहे, कानावर हेडफोन आहेत. खांद्यावरच्या चार सोनेरी पट्ट्या शिवून घ्यायला मी गावातल्या टेलरकडे गेलो तेव्हा त्याने माप घेता घेता विचारलं, "शेठ, क्लॅरिनेट का ढोल?" त्याने आजवर अशा पट्ट्या फक्त बँडवाल्यांना लावल्या होत्या. मी "कॅप्टन" म्हणालो. त्याने पट्ट्यांना खाली झुबके लावून दिले. ते मी काढले नाहीत, कारण आरशात बघितल्यावर ते तितकेसे वाईट दिसेनात.

बाजारात मी "अल्फा अळू, ब्राव्हो भेंडी" अशी यादी म्हणायचो. एसटी थांब्यावर लागताना ड्रायव्हरने ब्रेक कचकन मारला की "फ्लेअर कमी पडला" असं पुटपुटायचो. हिने एकदा शेजारणीला माझ्यादेखत सांगितलं, "ह्यांना विमानाची आवड आहे, पण उंचीवर चक्कर येते." पहिलं अर्धं वाक्य पुरेसं होतं, असं माझं मत आहे.

मुद्दा असा की आमच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. डोक्यावरून गेलेलं विमान एअरबस की बोइंग, यावर दीड तास सहज निघायचा. माथेरानचा विषय तर घरचाच. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट आमच्या चौकवरूनच डोंगर चढला आणि त्याला माथेरान 'सापडलं'. तो उतरताना वन ट्री हिलवरून ग्लायडरने उतरला असता तर आज विमानतळ कुठे असता, असा काकांचा सवाल असायचा. मग जुहू. १९२८ सालचं जुहू, देशातला पहिला नागरी विमानतळ. तिथे १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं अगडबंब डीसी-८ सांताक्रूझ समजून उतरलं आणि आखूड धावपट्टीच्या पुढे निघून गेलं. माणसं वाचली. या प्रसंगात वैमानिकाचं काय चुकलं हे आम्ही, ज्यांना पनवेलच्या उड्डाणपुलावर गाडी कुठे वळवायची हे धड कळत नाही, इतक्या अधिकाराने ठरवायचो की चहावाला मध्येच थांबून ऐकायचा.

पण आमचा खरा धर्मग्रंथ म्हणजे प्लगची गोष्ट. ती मी इथे सांगणार आहे. ज्यांना माहीत आहे त्यांनीही ऐकावी, कारण नाक्यावर ती माहीत असलेल्यांनाच परत परत सांगितली जायची.

इंग्लंड ते हिंदुस्थान, किंवा उलट, एकट्याने विमान उडवत येणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड, असं बक्षीस आगाखानांनी लावलं होतं. १९३० साल. मैदानात तिघं. मनमोहन सिंग 'मिस इंडिया' नावाच्या विमानातून निघाले. पोचलेही, पण मुदत उलटून गेल्यावर. अॅस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला. आणि पंचवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून उलट दिशेने. तेच जे. आर. डी., ज्यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला होता. दोघांकडे जिप्सी मॉथ. लाकूड आणि कापडाचं विमान, उघड्यावर बसायचं, नकाशा मांडीवर.

हे दोघं वाटेत इजिप्तला अबुकीरच्या विमानतळावर समोरासमोर आले. म्हणजे एकाचा अर्धा रस्ता झालेला, दुसऱ्याचाही. अॅस्पीच्या इंजिनाचे स्पार्क प्लग दगा देत होते आणि त्याच्याकडे जादा प्लग नव्हते. जे. आर. डीं.कडे होते. त्यांनी दिले. अॅस्पी उडाला, कराचीला आधी पोचला आणि काही तासांच्या फरकाने बक्षीस घेऊन गेला. पुढे तो मुलगा हवाई दलाचा प्रमुख झाला.

आता यात वाद कसला, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही आमच्यात बसलेले नाही. जे. आर. डीं.नी प्लग किती दिले, यावर आमचा एक अख्खा पावसाळा गेला आहे. मॉडेलवाल्यांचं म्हणणं, चार. इंजिनाला सिलिंडर चार, मग प्लग चार. काका म्हणायचे, एका सिलिंडरला दोन, म्हणून आठ. आणि माणूस देतो तेव्हा पूर्ण देतो. कामशेतवाला म्हणायचा, टाटा माणूस हिशेबी, स्वतःसाठी ठेवूनच दिले असणार. मग हिशेबी माणूस स्पर्धेत समोरच्याला प्लग देईल का, हा उपवाद. मग प्लग गरम असताना काढता येतात का. मग अॅस्पीने तेवढ्या घाईत आभार कोणत्या भाषेत मानले असतील. दोघंही पारशी, म्हणजे गुजरातीत, हा एकमेव मुद्दा आमच्यात कधी एकमताने मंजूर झाला. मी दर वेळी बाजू बदलायचो. वाद संपू नये म्हणून कुणीतरी हे काम करावं लागतं.

आणि एकदा भर पावसात जुन्या हायवेवर कुणा अनोळखी पोराची स्कूटर बंद पडली, तर काकांनी स्वतःच्या स्कूटरचा प्लग काढून त्याला दिला. तो पोरगा खोपोलीकडे निघून गेला. काका आपली स्कूटर ढकलत नाक्यावर आले, चिंब भिजलेले, आणि बाकड्यावर बसून म्हणाले, "एकच दिला. सिंगल सिलिंडर." त्या दिवशी चहाचे पैसे त्यांना कुणी देऊ दिले नाहीत.

हे सगळं बसलं कसं, याला एक कारण नाही.

पहिला घाव फोनने घातला. फ्लाइटरडार की काय ते कामशेतवाल्याने घेतलं. वर आवाज आला की तो फोन वर धरायचा आणि सांगायचा, "एअरबस ए-३२०, दिल्लीहून, एवढी उंची, एवढा वेग." झालं. दीड तासाचा विषय साडेतीन सेकंदांत. काका बिचारे "मला तर आवाज..." एवढं म्हणेपर्यंत विमान पुढे गेलेलं असायचं आणि फोन खिशात. बरोबर उत्तर इतक्या लवकर मिळू लागलं की भेटायचं कशाला, असा प्रश्न रविवारी सकाळी अंथरुणातच पडू लागला.

दुसरं, नवं माणूस आलंच नाही. खरा छंद म्हणून उडायचं तर खासगी वैमानिकाच्या परवान्याला चाळीस तासांचं उड्डाण लागतं, आणि तासाला मोजायची रक्कम पाच आकडी. बॉम्बे फ्लाइंग क्लब एकेकाळी जुहूला हौशी लोकांचा अड्डा होता. त्याचं उड्डाणाचं शिक्षण आता धुळ्याला चालतं, आणि तिथे येणारी मुलं नोकरीसाठी दोनशे तास पुरे करायला येतात. कर्ज काढून आलेल्या मुलाला ढगांवर गप्पा मारायला वेळ कुठला? कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आहेतच, पण तो माणूस खरंच विमान बांधतो. आम्हाला फक्त बांधण्याबद्दल बोलणारे हवे होते.

तिसरी गोष्ट मला सरळ सांगता येत नाही. इर्शाळगडाच्या नेढ्यातून मी सेस्ना काढली, असं मी नाक्यावर बढाईने सांगत असे. सिम्युलेटरमध्ये डोंगराला भोक नसतं, नुसता उंचवटा असतो, हे मॉडेलवाल्यांना ठाऊक होतं. ते गप्प राहायचे. मग १९ जुलै २०२३ ची रात्र आली आणि त्याच गडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सांताक्रूझला हेलिकॉप्टरं तयार होती, पण त्या हवेत उडता येत नव्हतं. माणसं पावसात पायी वर गेली, फावडी आणि कुदळी घेऊन, कारण यंत्र चढायला रस्ताच नव्हता. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं बेपत्ताच राहिली. त्यानंतरच्या रविवारी आम्ही नाक्यावर बसलो होतो. ढगांची पातळी, दृश्यता, वाऱ्याची दिशा, हे शब्द आम्ही वर्षानुवर्षं पानात चुना लावावा तसे वापरत आलो होतो. त्या दिवशी एकानेही उच्चारले नाहीत. माझ्या संगणकातल्या जुन्या उपग्रहचित्रात वाडी अजून आहे, छपरांचे ठिपके आहेत. मी त्या बाजूला विमान नेत नाही. नेढ्याची बढाईही तेव्हापासून बंद.

आणि मग विमानतळ आला. म्हणजे आम्ही ज्याची वाट बघत म्हातारे झालो तो. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन आणि नाताळच्या दिवशी पहिली प्रवासी विमानं. नवी मुंबईची धावपट्टी ०८/२६, म्हणजे जुहूच्याच दिशेची! केवढा विषय! पूर्वीचे दिवस असते तर नवा डीसी-८ कुठे उतरणार यावर आम्ही दोन रविवार काढले असते. माझी तर अशी गुप्त समजूत होती की उद्घाटनाआधी कुणीतरी चौकला येऊन आमचं मत विचारेल. पट्ट्या इस्त्री करून ठेवल्या होत्या. झुबक्यांसकट.

पण विमानतळ आला तो विमानं घेऊन नाही, गुंठे घेऊन. विमानतळाभोवतीच्या नियोजित शहराचं, 'नैना'चं, नाव २०१३ पासून कानावर होतंच. आता नाक्यावरचं आमचं बाकडं जमिनीच्या दलालांनी व्यापलं. चौक ते कर्जत रस्त्याला बोर्डच बोर्ड: 'एअरपोर्टपासून फक्त २० मिनिटं'. मी घरी सेस्नाने मोजून पाहिलं. इंजिन तापवणं, टॅक्सी, उड्डाण आणि लँडिंग धरून वीस मिनिटं जवळपास बरोबर आहेत. रस्त्याने जाणाऱ्याने काय करायचं ते बोर्डावर नाही. आणि चीड याची येते की मॉडेलवाल्यांनीही ज्या शेतात विमानं पाडली ते शेत विकून टाकलं. आता भेटले की ते भाव सांगतात. विमानाचं विचारलं तर "माळ्यावर आहेत" म्हणतात. कामशेतवाला एजंट झाला आहे, आणि चांगला चालतोय त्याचा धंदा. मला राग आहे तो त्यांच्या पैशाचा नाही. ज्याच्यावर आम्ही फुकट प्रेम केलं त्याचा यांना सहा महिन्यांत भाव कळला, याचा आहे. हडपसरकाका पुण्याला मुलाकडे असतात. अधूनमधून आले तर येतात.

चौकमधला सरकारमान्य पायलट सध्या एकच. लग्नाचे फोटो काढणारा बावीस वर्षांचा मुलगा. ड्रोनचा कोर्स करून त्याने रिमोट पायलटचं रीतसर प्रमाणपत्र मिळवलंय. मी त्याला नाक्यावर गाठलं आणि डोंगराकडून येणाऱ्या वाऱ्याबद्दल काही अनुभवाचे शब्द सुनावले. तो नम्रपणे म्हणाला, "काका, ते ड्रोन आपोआप सांभाळतं. तुम्ही जरा डावीकडे व्हाल? प्लॉटच्या शूटमध्ये येताय."

परवा मी शेवटचं अस्त्र काढलं. टपरी भरलेली बघून मोठ्याने म्हणालो, "सेस्ना १७२ चे पंख पोटाखालून निघतात." पूर्वी या वाक्यावर चार कप बाकड्यावर आपटले असते. पंख छपरावर असतात हे सांगायला काका हात दोन्हीकडे पसरून उभे राहिले असते, चहा सांडला असता. परवा शेजारचा दलाल फोनवरून मान वर न करता म्हणाला, "असतील, शेठ, असतील. तुमची काही जमीन आहे का वावर्ल्याकडे?"

काका या रविवारी येणार आहेत असं कळलंय. ते बाकड्यावर बसले की मी खणखणीत आवाजात म्हणणार आहे, की अबुकीरला प्लग अॅस्पीनेच जे. आर. डीं.ना दिले होते. चहावाल्याला मी आधीच सांगून ठेवलंय, कप काचेचे नकोत.