अस्तरावरचं जलसंधारण

पाणी वाचवणाऱ्याला सरकार पैसे देतं. ही आनंदवार्ता वडीगोद्रीच्या फाट्यावर सांगून बघा. चहाचा घोट न थांबवता समोरचा विचारतो, "पोर्टल चालू झालं का?" महाडीबीटी हे अनुदानाचं पोर्टल म्हणजे आमच्याकडचा दुसरा मान्सून. ढग भरून येतात, ओटीपी काही पडत नाही.

तरी काहींना पडला. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' आलं, जास्तीत जास्त पन्नास हजारांचं अनुदान घेऊन. हेतू सोज्वळ होता: वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवा, खंड पडला की पिकाला द्या. पाणी मुरतं म्हणून तळ्याला प्लास्टिकचं अस्तर आलं, त्यालाही अनुदान. मग पावसाची वाट कोण बघतो? बोअरची मोटार लावून तळी भरू लागली. जमिनीच्या पोटात झाकून असलेलं पाणी वीज जाळून वर काढायचं, अस्तरावर पसरायचं आणि एप्रिलच्या उन्हाला नैवेद्य दाखवायचा. कागदावर हे जलसंधारण. शेतकऱ्याला हसू नका. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीची बाग सरपण झालेली ज्याने पाहिली, तो तळं दुधानेही भरेल.

ठिबकचं गणित आणखी गोड. अल्पभूधारकाला ८० टक्के, इतरांना ७५. टक्के मात्र सरकारी मापदंडावर, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. पूर्वसंमती घ्या, पदरचे पैसे भरा, बिल चढवा, मोका तपासणीला थांबा. फोटोत शेतकरी, नळी आणि अक्षांश-रेखांश सहकुटुंब दिसले पाहिजेत. शेजारून जायकवाडीचा डावा कालवा वाहतो. आवर्तन सुटलं की उसाला मोकाट पाणी; त्याला फोटो लागत नाही, फक्त रात्री दारं धरायला माणूस लागतो.

आपल्याच जालना जिल्ह्यात कडवंची गाव आहे. १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामं झाली. तळी आणि द्राक्षं त्यानंतर. आपण तिथे अभ्यासदौरे नेले, तळ्यांचे फोटो काढले आणि परत येऊन थेट तळी खोदली. माथा राहूनच गेला. अनुदान टाकायचं तरी कुणाच्या खात्यावर? माथ्याच्या नावे सातबारा नाही, बँकेला आधार जोडलेलं नाही, आणि फार्मर आयडी काढायला तो सेवा केंद्रावर येतच नाही.