झोरो पामला राहिला असता तर

१९४० चा 'द मार्क ऑफ झोरो' हा सिनेमा मला फार आवडतो. फक्त त्याचा शेवट घरच्यांबरोबर बघू नये. काळ्या मुखवट्याआडून जुलमी कारभाऱ्यांना सळो की पळो करून सोडणारा झोरो, म्हणजे टायरन पॉवर, शेवटी तलवार वर भिरकावतो, ती छताच्या लाकडात रुतून बसते आणि गडी लग्न करून द्राक्षमळे सांभाळायला मोकळा! आमच्या आत्याने हे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "पावसाळ्यात तिथून गळायला लागलं की वर चढणार कोण?"

आत्याचंही खरंच आहे. आमच्या पाम गावात तलवार फेकायची तरी कुठे? कौलं फुटतील, पत्र्याला भोक पडेल आणि स्लॅबवर आपटली तर थेट आपल्याच टाळक्यात येईल. द्राक्षमळ्यांचं तर नावच नको. इथला झोरो लग्न ठरताच तारापूर एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला लागेल.

मुखवट्याची पंचाईत त्याहून मोठी. सकाळी बोईसरच्या रस्त्यावर बघा. धूळ आणि कंपन्यांचा वास, त्यामुळे मोटारसायकलवाल्याच्या तोंडाला रुमाल, मागची बाई ओढणीत डोळ्यांपुरती उरलेली. अख्खा रस्ता झोरोंचा! तरी नाक्यावरचे लोक नुसत्या हॉर्नवरून माणूस ओळखतात. "काय रे, आज सेकंडला नाही का?" असं रुमालालाच विचारतात आणि रुमालही निमूट उत्तर देतो. १९३५ च्या 'हंटरवाली' सिनेमात नादियाने डोळ्यांवर मुखवटा चढवला की काम भागायचं. सोनेरी केसांची, हातात चाबूक घेतलेली ती बाई! पामला तिला पहिल्याच फेरीत कुणीतरी "चहा घेऊन जा गं" म्हणालं असतं.

झोरोचा जनक जॉन्स्टन मॅकली. १९१९ च्या पहिल्याच कथेत त्याने शेवटी सगळ्यांदेखत मुखवटा उतरवला. पुढच्या वर्षी डग्लस फेअरबँक्सचा मूकपट धो धो चालला, तेव्हा मॅकली पुन्हा लिहायला बसला. पुढच्या बऱ्याच कथांत गुपित जसंच्या तसं शाबूत! अख्खं गाव विसरलं म्हणे.

हे मात्र मला पटत नाही. आमच्याकडे गणपतीतल्या नाटकात एका काकांची दाढी ऐन प्रवेशात गळून पडली. काका पुढे रिटायर झाले, आजोबा झाले. नातीच्या लग्नपत्रिकेवर त्यांचं पूर्ण नाव छापून आलं, तर निम्मं गाव विचारू लागलं, हे कोण? शेवटी उरलेल्या पत्रिकांवर काकूंनी स्वतः पेनाने कंसात लिहिलं : दाढी.