थंडीची फाटी

जुलैतल्या एका रात्री आमच्या सोसायटीतला गुलमोहर आडवा झाला. कुणाला लागलं नाही, कुणाची गाडी चेपली नाही. लग्नघरातला दमलेला पाहुणा मिळेल त्या गादीवर कलंडतो, तसा तो कंपाउंडच्या भिंतीवर कलंडला होता. सकाळी बाळकुमच्या अग्निशमन केंद्रातून जवान आले. त्यांनी यंत्राच्या करवतीने त्याचे हात-दीड हात लांबीचे तुकडे केले, ते भिंतीच्या कडेला लोटले आणि चहा घेऊन ते गेले. आगी विझवणाऱ्यांनी मला सरपण घरपोच आणून दिलं, ही गोष्ट मी पुढचे आठ दिवस भेटेल त्याला सांगत होतो.

"सरपण कसलं? ओला कचरा आहे तो," हिचं म्हणणं. दोन्ही अर्थांनी बरोबर होतं. तुकडा उचलला तर हाताला पाणी लागत होतं.

सोसायटीच्या सभेत मी सांगून टाकलं, "ही लाकडं मी फोडून, वाळवून, रचून ठेवतो. थंडीत शेकोटीला होतील." सभा क्षणभर गप्प झाली. मग सेक्रेटरींनी विचारलं, "थंडी म्हणजे? एसी बंद करतो ती?"

प्रश्न रास्त होता. कशेळीच्या पुलावरून भिवंडीकडे जाणारा स्कूटरवाला कानाला रुमाल बांधू लागला, की आमच्याकडे थंडी आली असं धरायचं. त्याने रुमाल सोडला की गेली. पण माझ्या हातात एक हुकमाचा एक्का होता, तो मी टाकला. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ७.४ अंश नोंदले गेले होते. सांताक्रूझला! "त्याला साठ वर्षं उलटून गेली की," कोणीतरी म्हणालं. "म्हणूनच आता येऊ शकते," मी म्हणालो. हा युक्तिवाद लॉटरीची तिकिटं घेणारे लोकही करतात, हे मला घरी आल्यावर सुचलं. सभेने ठराव केला : लाकडं ठेवायला हरकत नाही, साप निघाल्यास जबाबदारी माझी.

मुळात कोकणी माणसाचं सरपण थंडीसाठी नसतंच. ते असतं पावसासाठी. संगमेश्वराकडच्या आमच्या घरी वैशाख लागला की आजीच्या जिवाला घोर लागायचा. फाटी, चुडतं, नारळाची सोडणं, करवंट्या, शेणी असा चार महिन्यांचा जाळ पडवीत रचून झाला, की ती कमरेवर हात ठेवून त्या राशीसमोर उभी राहायची. त्या नजरेने बघणारी माणसं मला पुढे बँकेच्या नोकरीत भेटली. त्यांच्या हातात मुदत ठेवीची पावती असायची. मृगाचा पहिला तडाखा आला, बाहेरचं सगळं भिजून चिंब झालं, तरी आतली चूल कोरडी खडखडीत पेटायची. थंडीत मात्र आम्ही पोरं कुडकुडत आजीजवळ गेलो, तर ती एक लाकूड जास्तीचं सारायची नाही. "थंडी वाजते ना? मग आगर शिंपायला जा," म्हणायची. त्यामुळे थंडीची बेगमी ही आमच्या घराण्यात मी सुरू केलेली प्रथा आहे. मला ऊब हवी होती अशातला भाग नाही. मला रास हवी होती.

गुलमोहराच्या जोडीला एक चिंचही होती. फाटकाजवळच्या चिंचेची फांदी विजेच्या तारांत शिरली होती. ती मे महिन्यात रीतसर अर्ज करून, परवानगी घेऊन छाटली. फांदी म्हणायची एवढंच. दोन हातांच्या कवेत मावेना असा सोट होता तो. झाडाला पडायला परवानगी लागत नाही. उभ्या झाडाला हात लावायचा तर १९७५ चा कायदा मध्ये येतो. वृक्ष प्राधिकरणाच्या संमतीशिवाय शहरातलं झाड तोडता येत नाही, आणि 'तोडणं' या शब्दात त्याला जाळणं, कसलीही इजा करणं हेही धरलेलं आहे. तोडायचं असेल तर त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि त्या झाडावरच ठळक दिसेल अशी चिकटवावीही लागते. हे कलम मला फार आवडतं. ज्याच्यावर खटला, त्याच्याच छातीवर समन्स! २०२१ पासून तर पन्नास वर्षांवरच्या झाडाला खास 'प्राचीन वृक्ष' म्हणून मान मिळाला आहे. पन्नाशी ओलांडली की झाडाची किंमत वाढते. आमच्या बँकेत त्या वयाला स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म हातात ठेवत असत.

तर जांभळी नाक्यावरून मी एक नवी कुऱ्हाड आणली. तिसऱ्या घावाला दांडा माझ्या हातात राहिला आणि पातं बागेतल्या तुळशीपाशी जाऊन पडलं. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला.

भिंतीपलीकडे बाळकुमचं जुनं गावठाण. तिथले एक आबा गेले दोन दिवस माझा उद्योग बघत होते. वय ऐंशीच्या पुढेमागे, अंगात बंडी, डोळ्यांत मिश्कील चमक. "काय रं भाऊ," ते म्हणाले, "लाकूर फोरतंस का त्याची मालिश करतंस?"

त्या दिवसापासून आबा माझे गुरू. पहिला धडा कुऱ्हाडीचा. दांड्याच्या माथ्याला चीर द्यायची, पात्यात घालून त्या चिरेत बारीक पाचर ठोकायची आणि रात्रभर डोकं पाण्यात बुडवून ठेवायचं; लाकूड फुगतं आणि पातं घट्ट धरतं. दुसरा धडा लाकडाचा. लाकूड वाळताना त्याच्या तोंडाला बारीक चिरा पडतात. त्या लाकडाने आपल्यासाठी काढून ठेवलेल्या रेघा असतात, घाव तिथे घालायचा. मोठा ओंडका मधोमध फोडायचा हट्ट धरायचा नाही, कडेच्या ढलप्या काढत आत जायचं. आणि गाठ दिसली की तिला नमस्कार करून बाजूने जायचं. "गाठीला कंदी तोंड देव नको," आबा म्हणाले. मी कुऱ्हाड टेकून हे सासुरवाडीच्या संदर्भात किती खरं आहे याचा विचार करू लागलो, तेव्हा त्यांनी मला पुन्हा कामाला लावलं.

लाकडांबद्दल आबांची मतं पक्की. गुलमोहर? "पेपरासारखा जलतो." मादागास्करहून इथे येऊन एवढी वर्षं झाली, पण आबांच्या लेखी तो अजून पाहुणाच, फुलं बघावी, चुलीत घालू नये. शेवगा तर त्यांच्या लेखी लाकूडच नाही. बाभूळ चांगली. चिंच सगळ्यांत खरी; निखारा रात्रभर राहतो, आणि खाटकाचा ओंडका चिंचेचा असतो तो काही उगाच नव्हे. त्यांच्या लहानपणी खाडीकाठच्या चुलींत तिवरही जळायचं. आता तिवराच्या काटकीकडेही कोणी बघत नाही. २००५ साली उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला बंदी घातली, आणि तिवर ही आमच्या भागातली सगळ्यांत सुरक्षित वस्ती झाली. बिल्डरसुद्धा तिच्याकडे लांबूनच उसासे टाकतात.

गुलमोहर सहा रविवारांत संपला. चिंच संपेना. बाकीचे तुकडे कसेबसे फुटले, पण एका ओंडक्याच्या पोटात बरोबर मध्यावर गाठ होती. मी आबांचं न ऐकता एक पाचर ठोकली, ती अडकली. ती सोडवायला शेजारी दुसरी ठोकली, तीही अडकली. सोसायटीच्या कारभारात पाचर मारणारे मी पुष्कळ पाहिले होते. ती काढायची कशी हे तिथेही कोणाला ठाऊक नव्हतं. ओंडक्यावर दोन्ही पाय देऊन मी पाचर उपटू लागलो, तेव्हा बघायला जमलेल्या पोरांतली एक चिमुरडी म्हणाली, "काका, पंचतंत्रात एका माकडाने अस्संच केलं होतं." मी पाय काढून घेतले. ओंडका दोन पाचरींसकट बाजूला लोटला.

फोडण्याइतकंच वाळवणंही शिकावं लागतं. ताज्या लाकडात वजनाने निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. असं लाकूड पेटवलं तर विस्तवाची सगळी ताकद पाणी आटवण्यातच जाते. घरभर धूर, डोळ्यांत पाणी आणि पातेल्यातलं पाणी गारच. हे आजीला मोजमापाशिवाय कळायचं. दोन लाकडं एकमेकांवर आपटायची. टणत्कार आला तर वाळलेलं, धप्प आवाज आला तर ठेवून द्यायचं. मी पहिल्यांदा अतिकाळजीने सगळी रास निळ्या ताडपत्रीत चारी बाजूंनी गुंडाळली. गणपतीत उघडून पाहिलं तर लाकडांवर अळंब्या उगवल्या होत्या. हिने त्यांचा फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. ताडपत्री फक्त डोक्यावर हवी, कुशी उघड्या हव्यात, वारा आरपार गेला पाहिजे, हे मग आबांनी सांगितलं. आधी का सांगितलं नाहीत? "तू ईचारलंस कंदी?"

आमचं खरं वाळवण होतं ऑक्टोबरात. ज्या उन्हाला सगळं ठाणे शिव्या घालत होतं, ते एकटा मी हात जोडून घेत होतो. दिवाळीपर्यंत लाकडं टणटण वाजू लागली. मग रचायचं काम आलं, आणि साल वर ठेवायची की खाली, यावर वॉचमनचं आणि माझं वाजलं. ही भांडणं आपल्याकडेच होतात असं समजू नये. २०१३ च्या फेब्रुवारीत नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने बारा तासांचा कार्यक्रम केला : लाकडं तोडणं, फोडणं, रचणं आणि मग रात्रभर नुसती जळणारी शेकोटी. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या. निम्मे म्हणाले, लाकडांची साल वर ठेवली आहे. निम्मे म्हणाले, खाली ठेवली आहे. हे वाचून मला त्या थंड देशाबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. पाच लाकडं साल वर, पाच खाली, अशी तडजोड करून आम्ही चवड पुरी केली. कमरेवर हात ठेवून मी तिच्यासमोर उभा राहिलो. हिने वरून गॅलरीतून पाहिलं आणि म्हणाली, "आजी दिसताय हुबेहूब."

आमचा वॉचमन निफाडचा. थंडी म्हणजे काय ते त्याला विचारावं. निफाडला पारा एक-दोन अंशांवर उतरतो, तेव्हा द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत ओळींमधून शेकोट्या पेटवतात, माणसं रात्रभर जाग्रण करतात. "तिथं घडाला शेक देत्यात सायेब," तो माझ्या राशीकडे बघत म्हणाला, "हितं कुणाला देणार?" नोव्हेंबर गेला. डिसेंबर अर्धा गेला, पंखे दोनवर फिरत राहिले. मी सकाळी उठून आधी मोबाइलवर तापमान बघायचो. २४. २३. एकदा २१ झालं तेव्हा मी मफलर काढला.

शेवटी जानेवारीत थंडी आली. खरीच आली, खाडीवरून पहाटे असा वारा सुटला की स्कूटरवाल्यांनी कानांबरोबर नाकंही बांधली. आणि त्याच दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली : आवारात शेकोटी पेटवू नये. तळमजल्यावरच्या बाळाला दमा, वर पार्किंगमधल्या गाड्या. मला राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण म्हणणं खरं होतं. थंडीत ठाण्याची हवा आधीच जड असते, धूर वर जातच नाही. मुंबईतल्या बेकऱ्यांनासुद्धा उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत लाकूड-कोळसा सोडून सहा महिन्यांत दुसरं इंधन घ्यायला सांगितलं. शंभर वर्षांच्या पावाच्या भट्टीचं जिथे कोणी ऐकत नाही, तिथे माझ्या सहा रविवारांचं कोण ऐकणार?

"आपल्या वारीत ये शनवारी," आबा भिंतीवरून म्हणाले. "पोपटी हाय."

पोपटी खरी रायगडची. आबांची लेक पेणला दिलेली आहे. ती येताना वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घेऊन आली होती. मडक्यात आधी तो पाला, मग शेंगा, बटाटे, अंडी, मीठमसाला लावलेली कोंबडी, जाडं मीठ, ओवा, आणि तोंडाशी पुन्हा दडपून पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा.

माझा क्षण आला होता. वॉचमनला हाताशी घेऊन मी हातगाडीवर सहा महिन्यांचं वाळलेलं, टणटणीत, निवडक सरपण घातलं आणि वाजतगाजत आबांच्या अंगणात नेलं. आबांची लेक हसू दाबत म्हणाली, "काका, हे नाय चालत पोपटीला." पोपटीला लागतो पेंढा, पालापाचोळा, बोटभर जाडीच्या काटक्या. भडकन पेटायचं, अर्ध्या तासात विझायचं. चिंचेची लाकडं लावली तर मडकं फुटेल आणि आत कोळसा होईल.

पोरांनी पेंढा पेटवला. जाळ पुरुषभर उंच गेला, अंगण लालभडक झालं, मीठ तडतडलं, आणि भांबुर्ड्याचा तो उग्र, गोडसर वास पसरला. हातगाडी रिकामी करून माझी फाटी भिंतीलगत रचली गेली. एका पोराने शिमग्यापर्यंत ती नीट सांभाळण्याची तयारी दाखवली. त्याची नजर मला बरोबर वाटली नाही. बाकी लोक बसायला जागा शोधत होते. आबांनी मला खूण केली. हातगाडीच्या तळाशी तो गाठीचा ओंडकाही आला होता. वॉचमनने तो का चढवला, देव जाणे. तो उभा केला तर पाटाएवढी बैठक झाली.

पानावर गरम शेंगा आल्या. मी ओंडक्यावर टेकलो आणि ताडकन उठलो. दोन्ही पाचरी अजून तिथेच होत्या. मग त्यांच्या मधली जागा हाताने चाचपून घेतली, आणि बेताने बसलो.