इंग्रजी स्पेशल: नवख्यांसाठी उपयुक्त सूचना

बी.ए.ला इंग्रजी स्पेशल घ्यायचे ठरले की सर्वांत आधी ही बातमी नातेवाइकांपासून लपवावी. लपत नाही, तरी प्रयत्न करावा. कारण ती फुटली की गल्लीतल्या घराघरांतले इंग्रजी कागद तुमच्याकडे येऊ लागतात: विम्याचे पत्र, मिक्सरचे वॉरंटी कार्ड, शेजारच्या मुलाचा व्हिसाचा फॉर्म. आपण सध्या ॲरिस्टॉटलची शोकात्मिकेची व्याख्या पाठ करत आहोत आणि ती विम्याच्या पत्राला लागू पडत नाही, हे कोणाला सांगू नये. 'मग तीन वर्षं शिकतोस तरी काय?' असे काका विचारतील, आणि हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.

मग पुस्तकखरेदी. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौक, तालुक्याला असाल तर एस.टी. स्टँडाजवळचे दुकान. आधी गाईड घ्यावे. मूळ पुस्तक, म्हणजे ज्याला वर्गात 'टेक्स्ट' म्हणतात ते मागितले, तर दुकानदार पोऱ्याला माळ्यावर चढवतो आणि तुमच्याकडे संशयाने पाहतो. 'हॅम्लेट' हे शेक्सपिअरचे सर्वांत लांब नाटक, ३० हजारांच्या आसपास शब्दांचे. गाईडात ते चार प्रश्नांत उरकते: हॅम्लेटचा विलंब, त्याचे वेड खरे की खोटे, भुताचे महत्त्व आणि ऑफिलियाचे स्वभावचित्र. पाचवा प्रश्न आलाच तर तो 'आउट ऑफ सिलॅबस' म्हणून निवेदन द्यावे. गाईड लिहिणाऱ्यांचा आत्मविश्वास खरोखर वाखाणण्यासारखा असतो. बेकेटच्या नाटकातला गोदो कोण, असे विचारल्यावर खुद्द बेकेटने हात वर केले होते. गाईडात त्याचे उत्तर आहे, १० गुणांचे, मुद्देसूद.

गाईडाविना हे वाङ्मय वाचल्याची नोंद आपल्याकडे आहे, नाही असे नाही. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. तिथे आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणायला घेतले आणि पुढच्या वर्षी ते 'विकारविलसित' या नावाने बाहेर आले. तुरुंगात गाईड मिळत नसावे. आजच्या विद्यार्थ्याला सरकार अशी सवड देत नाही, तेव्हा त्याची आगरकरांशी तुलना करणे अन्यायाचे होईल.

तासाला बसताना मागून दुसऱ्या बाकावर बसावे. शेवटच्या बाकावर सरांचे लक्ष असते. कविता एक ओळ इंग्रजीत वाचून तीन मिनिटे मराठीत सांगितली जाते आणि मग नोट्स इंग्रजीत उतरवून दिल्या जातात. वर्ड्सवर्थचे डॅफोडिल पाहिलेले कोणी वर्गात नसते, फळ्याच्या बाजूला उभे असलेले धरून. पिवळे, पुष्कळ, तळ्याकाठी, एवढ्यावर भागवावे. कवितेत हे गृहस्थ एकटे भटकतात. त्यांची बहीण डोरोथी हिच्या रोजनिशीत मात्र १५ एप्रिल १८०२ रोजी त्या सरोवराकाठी दोघे भावंडे आहेत आणि वारा सुटला आहे. हे कुठे वाचलेत तर परीक्षेत लिहू नका. 'कवीचे निसर्गप्रेम' या शीर्षकाखाली बहिणीला जागा नाही.

आपल्या अनुभवाची अशीच भीती बाळगावी. एलियटने 'द वेस्ट लँड'मध्ये (१९२२) एप्रिल महिन्याला क्रूर ठरवले आहे, आणि अकोल्या-चंद्रपूरच्या मुलांना ते तळटीप न वाचताच पटते. घात होतो तो इथेच. ४४ अंशांचा अनुभव उत्तरपत्रिकेत ओतू नये. एलियटची तक्रार उन्हाबद्दल नाहीच, पाऊस पडून मेलेली जमीन पुन्हा जागी होते याबद्दल आहे. अशी तक्रार करणारा माणूस विदर्भात शोधून सापडायचा नाही, पण गुण त्याच्याच बाजूला आहेत.

ध्वनिशास्त्रात ४४ ध्वनी येतात, २० स्वर आणि २४ व्यंजने. ज्या उच्चारांतून ते मोजले, तसे बोलणारे खुद्द ब्रिटनमध्ये मूठभर. तरी कागदावर चिन्हे अचूक काढावीत. तोंडाने 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना 'व' म्हटले तरी लेखी परीक्षेत ते ऐकू जात नाही.

आता लेखनकौशल्य. एका पेपरात दिलेल्या उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश करायचा असतो. दुसऱ्या पेपरात दोन ओळींची माहिती चार पाने करायची असते. पहिले काम बहुतेकांना जमत नाही आणि दुसरे उपजत येते, यावरून आपल्या समाजाबद्दल काही म्हणता येईल, पण तो समाजशास्त्राचा पेपर. चार पाने भरण्यासाठी कवीच्या जन्मापासून सुरुवात करावी, प्रश्न उत्तराच्या पहिल्या वाक्यात जसाच्या तसा उतरवावा, आणि पहिली पुरवणी पाऊण तासाच्या आत मागावी. आजूबाजूच्यांचा धीर खचतो, तो वेगळा फायदा.

उत्तरात समीक्षकांची अवतरणे हवीतच. ती आठवली नाहीत तर 'ए ग्रेट क्रिटिक हॅज सेड' असे लिहून पुढे स्वतःचे वाक्य अवतरणचिन्हांत टाकावे. नाव द्यायचेच झाले तर शोकात्मिकेखाली ए. सी. ब्रॅडली चालतात. त्यांचे 'शेक्सपिअरियन ट्रॅजेडी' १९०४ साली निघाले आणि ते १९३५ साली वारले, त्यामुळे त्यांच्याकडून खुलासा येण्याची शक्यता नाही. तपासणीसही घाईत असतात.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. एखाद्या रात्री होस्टेलवर गाईड कोणीतरी उचलून नेलेले असते, लायब्ररी बंद असते, आणि समोर फक्त टेक्स्ट असते. वेळ जावा म्हणून माणूस तिसऱ्या अंकापासून वाचायला लागतो आणि मग मागे जाऊन पहिलाही वाचतो. दुसऱ्या दिवशी त्याला वाटू लागते की हॅम्लेटच्या आईबद्दल कोणीच काही धड विचारलेले नाही. असे झाल्यास घाबरू नये. परीक्षेत तीन उत्तरे गाईडातली लिहावीत आणि एकच डोक्यातले. त्या एका उत्तराला चार गुण मिळतील, बाकीची तीन पास करतील. लक्षणे तरीही टिकली तर एम.ए.ला प्रवेश घ्यावा. तिथली गाईडे जाड असतात.